‘वड्याला गेला असेल’

नोव्हेंबर लागला की एक प्रश्न माझ्याकडे हमखास येतो, पण दुसऱ्याच कुठल्या कारणाआडून. ‘गुडघे धरतात’, ‘गर्दी सोसत नाही’. खरी गोष्ट तिसऱ्या-चौथ्या भेटीत बाहेर पडते: लघवी धरवत नाही, मग गाण्याला बसायचं कसं?

६२ वर्षांच्या एक काकू (तपशील बदलले आहेत). निवृत्त संगीतशिक्षिका, ‘सवाई’ (पुण्याचा डिसेंबरातला शास्त्रीय संगीताचा महोत्सव) रमणबागेत व्हायचा तेव्हापासूनच्या श्रोत्या. तीन वर्षं गेल्याच नव्हत्या. खोकला आला, हसू आलं की थेंब जायचे. बाहेर पडायच्या दिवशी पाणीच बंद! हा उपाय बहुतेकजणी करतात आणि तो उलटतो. घट्ट झालेली लघवी मूत्राशयाला आणखी चाळवते.

आधी डॉक्टरांकडे पाठवलं. जंतुसंसर्ग नाही, साखर नाही. फिजिओथेरपिस्टनी लघवी अडवायचे स्नायू आवळायचे व्यायाम दिले. त्यांचा गुण यायला तीनेक महिने लागतात, म्हणून हे दिवाळीनंतर आठवून उपयोग नाही. काकू जुलैत आल्या होत्या, ते बरं झालं.

माझं काम वेगळं होतं, समुपदेशनाचं.

“समजा, मध्येच उठावं लागलं. मग?”

“लोक काय म्हणतील? विलंबित चालू असताना उठतं का कुणी?”

“इतकी वर्षं तुमच्यासमोरून लोक उठून गेले. तुम्ही काय म्हणायचात?”

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. मीही गप्प. (अशा वेळी गप्प राहायला शिकण्यात माझी दहा वर्षं गेली.) मग मान वर करून म्हणाल्या, “वड्याला गेला असेल!”

आणि हसू फुटलं. इतकं, की ‘अगंबाई’ म्हणत त्यांनी खुर्चीतच आवळून धरलं. निभावलं.

माझी सगळी भिस्त विवेकनिष्ठ विचारावर आहे, हे मी लपवत नाही. ‘असं होता कामाच नये’ हा हट्ट ढिला झाल्याशिवाय महागातलं पॅड लावूनही माणूस घरीच बसतो. झालं तर गैरसोय होईल, लाज वाटेल, साडी बदलावी लागेल. बस्स.

पुढचं सोपं होतं. आधी तासाभराची घरगुती बैठक, मग मुकुंदनगरचा ‘सवाई’चा मंडप. भारतीय बैठक नको, कडेची खुर्ची. मासिक पाळीचं नव्हे, लघवीसाठीचं पॅड. जादाचं एक पिशवीत, सोबत सलवार. पाणी घोट घोट, चहा एकच, कारण थंडीत लघवी तशीही जास्त होते. आणि ‘उगाच एकदा जाऊन येते’ ही सवय मोडायची. त्यानं मूत्राशय थोडक्यातच भरल्याची तक्रार करायला शिकतं.

जानेवारीत काकू आल्या त्या तक्रार घेऊनच. एका संध्याकाळी दोनदा उठावं लागलं होतं.

“आणि रांगेत माझ्यापुढची बाई मारवा गुणगुणत होती. रिषभ चढा लावत होती हो!”