संथ चित्रपट कसा पाहावा

कथानक पुढे सरकतच नाही असा चित्रपट पाहण्याआधी आपण एकदा अजिंठ्याचे 24 क्रमांकाचे लेणे सावकाश पाहावे. ते अपुरे राहिले म्हणून घाईतले पर्यटक पुढे जातात (नुकसान त्यांचेच), परंतु खडकातून खांब कसा सुटत जातो, हे तिथल्या अर्धवट कोरीवकामात तयार लेण्यापेक्षा अधिक उमगते. मग मणी कौल यांचा 1969 सालचा ‘उसकी रोटी’ लावावा. बसचालक नवऱ्याचे जेवण घेऊन थांब्यावर ताटकळणाऱ्या बालोच्या हालचाली त्यात मुद्दाम संथ ठेवल्या आहेत, कारण दिग्दर्शकाला घटनेपेक्षा काळाचे सरकणे दाखवायचे आहे. कंटाळा आला तर येऊ द्यावा. समीक्षा मात्र नंतरच वाचावी. दुसऱ्यांदा पाहूनही चित्रपट भावला नाही, तर तो खुशाल सोडून द्यावा.