सगळेच एका सुरात?

प्रश्न : बहिणीने आग्रहाने ‘मृत्युंजय’ दिली. थोडी वाचली आणि दमलो. सूर्य उगवला की उपमांची रांग! कर्ण बोलो वा कुंती, भाषा तीच. माझंच काही बिनसलंय का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : छे हो! १९६७च्या या कादंबरीत कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण आपापली कहाणी सांगतात. सारथ्याच्या घरातला शोण आणि हस्तिनापूरचा दुर्योधन एकाच अलंकारिक थाटात बोलतात, हे मलाही खटकतं. उपमांचं मात्र मला तितकं वावडं नाही. शिवाजी सावंतांची भाषा कीर्तनासारखी कानाने घ्यायची. कवचकुंडलांचा प्रसंग मोठ्याने वाचून पाहा. तरीही कंटाळलात, तर खुशाल मिटा. ‘छावा’ मात्र लगेच हाती घेऊ नका.