बायको निवडणुकीला उभी, नोटीस गुरुजींना

राळेगाव तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेतील एका गुरुजींचं पत्र आलं आहे. त्यांच्या पत्नी पंचायत समितीच्या गणातून पक्षाच्या चिन्हावर लढणार आहेत. रविवारी मेळावा होता, गुरुजी त्यांना दुचाकीवर घेऊन गेले. मंडपात स्वागत म्हणून कुणीतरी गुरुजींच्याही गळ्यात पक्षाचा दुपट्टा टाकला. तो फोटो गावभर फिरला, तक्रार झाली आणि सात दिवसांत खुलासा मागणारी कारणे दाखवा नोटीस आली. ते लिहितात, "वकीलसाहेब, मी तं नुसता मागं बसून होतो. आता सारे म्हणून राहिले का बायकोला बसव, नाहीतर नोकरी जाते."

गुरुजी, पत्नीला बसवू नका. नवरा जिल्हा परिषदेत नोकरीला आहे, एवढ्यावरून बायको अपात्र ठरत नाही. उभं राहायचं की नाही हे त्यांनी ठरवायचं. गावातला कुणी तुमच्या नोकरीची भीती घालून त्यांचा हक्क काढून घेत असेल, तर त्याचं ऐकायचं कारण नाही.

बंधन आहे ते तुमच्यावर. जिल्हा परिषद सेवकांना १९६७ चे वर्तणूक नियम लागू आहेत. पक्षाचं सदस्य व्हायचं नाही, प्रचार करायचा नाही, वर्गणी द्यायची नाही, निवडणुकीत आपलं वजन वापरायचं नाही. रविवार होता, शाळेला सुट्टी होती, हा बचाव चालत नाही. सुट्टीच्या दिवशीही तुम्ही सेवकच असता.

म्हणून खुलाशात खोटं लिहू नका. फोटोत दुपट्टा दिसतो आहे आणि तुम्ही "घातलाच नव्हता" म्हणालात, तर साधी चूक खोटेपणाच्या आरोपापर्यंत जाईल. आधी तक्रारीची आणि फोटोची प्रत लेखी मागा. मग घडलं तसं लिहा: पत्नीला सोडायला गेलो, स्वागतात दुपट्टा टाकला गेला, मी भाषण केलं नाही, कुणाला मत मागितलं नाही, मी कोणत्याही पक्षाचा सदस्य नाही, यापुढे अशा कार्यक्रमाला जाणार नाही. यातलं जे खरं नसेल ते गाळा. खुलासा मुदतीत, मुख्याध्यापकांमार्फत द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. एवढ्या गोष्टीवरून थेट नोकरी जात नाही. त्यासाठी १९६४ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे आरोपपत्र, चौकशी, तुमची बाजू ऐकणं, असा सगळा रस्ता आहे. ठपका मात्र बसू शकतो आणि तो सेवापुस्तकात राहतो, म्हणून हलक्यात घेऊ नका.

खरी काळजी मला पुढच्या दिवसांची वाटते. घर एकच, दुचाकी एकच, कधीकधी मोबाइलही एकच! पक्षाचा झेंडा घरावर नको, स्टिकर दुचाकीवर नको. प्रचार कार्यालय ओसरीत न थाटता दुसऱ्या जागी करा. पत्नीचं पोस्टर तुमच्या स्टेटसला ठेवू नका, शाळेच्या पालक ग्रुपवर तर मुळीच नको. पगाराच्या खात्यातून मंडपवाल्याला किंवा जीपवाल्याला फोनपे करू नका. त्यांचा खर्च त्यांच्या खात्यातून होऊ द्या, नाहीतरी उमेदवाराला खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो.

मतदान किंवा मतमोजणीला त्यांचे प्रतिनिधी म्हणून बसू नका. विधानसभा-लोकसभेच्या निवडणुकीत सरकारी नोकराने असं केलं, तर लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १३४अ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. इथेही खातं ते खपवून घेणार नाही. निवडणुकीची ड्युटी लागली, तर पत्नी उमेदवार असल्याचं तहसीलदारांना लगेच लेखी कळवा, म्हणजे त्या गणात तुम्हाला नेमणार नाहीत.

तुमचं मत तुम्ही जरूर द्या. कुणाला दिलं ते पारावर सांगू नका, नियम तेही सांगू देत नाहीत. आणि खुलाशाचा कच्चा मसुदा देण्याआधी एखाद्या वकिलाला दाखवा. सातातले दोन दिवस पत्र लिहिण्यातच गेले असतील.