गिअरबॉक्स उतरवण्याआधी ऑइलचा उगम शोधावा

आपण लिहिले आहे की परभणीत इंजिन पूर्ण उघडून नव्या रिंगा, बेअरिंग आणि सील टाकून बांधून घेतले, गाडी जेमतेम 600 किलोमीटर चालली, आणि आता रात्रभर उभी राहिली की क्लच हाउसिंगखाली (इंजिन आणि गिअरबॉक्स यांमधल्या, क्लच झाकणाऱ्या कवचाखाली) ऑइलचा तळहाताएवढा डाग पडतो. क्रँकचे (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचे) मागचे सील गेले, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, असे मिस्त्रींचे म्हणणे आहे. माझी कळकळीची विनंती आहे की तूर्तास गिअरबॉक्सला हात लावू देऊ नये.

गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या इंजिनात ऑइल कोठूनही निघाले तरी ते वाऱ्याने मागे जाते, उताराने खाली येते आणि शेवटी क्लच हाउसिंगच्या तळाशीच थेंब धरते. त्यामुळे थेंब पडण्याची जागा ही गळतीची जागा असेलच असे नाही. त्यातच आपल्याकडच्या काळ्या रानाची धूळ त्यावर बसून दोन दिवसांत असा लगदा होतो की उगम ओळखूच येत नाही. म्हणून इंजिन थंड असताना डिझेल आणि ब्रशने ते वरपासून खालपर्यंत स्वच्छ धुवावे, पूर्ण वाळू द्यावे, टॅपेट कव्हरची (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाची) मागची कड, ऑइल प्रेशर स्विच, फिल्टरची बैठक आणि चेंबरचा (इंजिनाच्या तळाशी ऑइल साठवणाऱ्या भांड्याचा) सांधा यांवर साधी टाल्कम पावडर भुरभुरावी आणि दहा-पंधरा किलोमीटर फिरून येऊन टॉर्च व छोट्या आरशाने पाहावे. पांढऱ्या पावडरीत जी ओली रेघ सर्वांत वर सुरू होते, तोच उगम. टपकणारे ऑइल बोटांवर घेऊन हुंगूनही पाहावे, कारण गिअर ऑइल जास्त दाट असते आणि त्याला गंधकासारखा उग्र वास येतो. तसे निघाले तर इंजिनाचा दोषच नाही.

नव्या बांधणीत मला सर्वांत जास्त शंका येते ती ब्रीदरची, म्हणजे इंजिनातला वायू बाहेर सोडणाऱ्या वाटेची. नव्या रिंगा बोअरमध्ये (सिलिंडरच्या आतल्या भिंतीशी) बसेपर्यंत थोडा वायू खाली चेंबरमध्ये उतरतोच. त्याला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही, तर तो उत्तम सीलमधूनही ऑइल बाहेर ढकलतो. लातूरला माझ्या स्वतःच्या गाडीचे मागचे सील मी दोनदा बदलून घेतले, दोन्ही वेळा आठवडाभरात पुन्हा थेंब सुरू झाले, आणि अखेर ब्रीदरची नळी काढून तीत तार घातली, तेव्हा आतून कुंभारमाशीचे घर भुकटी होऊन बाहेर पडले. इंजिन शेडमध्ये उघडे पडले होते, त्या तीन आठवड्यांत तिने ते बांधले होते. नळी साफ केली आणि तेच सील पुढे कोरडे राहिले. दोनदा दिलेल्या मजुरीपेक्षा मला विनाकारण दोनदा उघडलेल्या क्लचचे वाईट वाटले. आपणही आधी नळी फुंकून पाहावी, आणि डिपस्टिकवर ऑइल वरच्या खुणेच्या पुढे गेलेले नाही ना, हेही तपासावे.

रेघ चेंबरच्या सांध्याशी सुरू होत असेल तर बोल्ट आणखी आवळणे हा उपाय नव्हे. पत्र्याच्या चेंबरचे बोल्ट जास्त आवळले की भोकांभोवतीचा पत्रा फुगतो आणि दोन बोल्टांमधल्या जागेत गास्केट दबतच नाही. तो पत्रा सपाट ठोकूनच नवे गास्केट बसवावे.

वरचे सगळे कोरडे असूनही हाउसिंगच्या आतूनच इंजिन ऑइल येत असेल, तर मात्र मिस्त्रींचे खरे आहे आणि गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्या वेळी क्रँकवर जुन्या सीलच्या ओठाने (क्रँकला टेकणाऱ्या कडेने) पाडलेली चर नखाला लागते का, हे समोर उभे राहून पाहावे. चर असेल तर नवे सील त्याच खोलीवर न बसवता, जागा असल्यास एक-दोन मिलिमीटर पुढे-मागे बसवावे किंवा क्रँकवर स्लीव्ह (पातळ धातूची बाही) चढवावी. रबरी ओठाला बसवण्यापूर्वी ऑइल लावावे. टेफ्लॉनचा ओठ असेल तर तो कोरडाच बसवतात. फ्लायव्हीलचे बोल्ट ज्या भोकांत जातात ती आरपार असतील तर त्यांच्या आट्यांना सीलंट लावावे, कारण तेथून झिरपणारे ऑइल हुबेहूब सीलच्या गळतीसारखे दिसते. सिलिकॉन वापरावे लागलेच तर पातळ रेघ पुरे, कारण आत दाबले गेलेले तुकडे ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. ते पूर्ण दिवसभर वाळू द्यावे आणि मगच ऑइल भरावे.