वाचकांचे प्रश्न: दुसऱ्याच्या बंडात बाहेरच्या माणसाचं काय काम?

प्रश्न: आमच्या वाळव्यात दरवर्षी 25 फेब्रुवारीला हुतात्मा किसन अहिर आणि हुतात्मा नानकसिंग ही दोन नावं एकत्र घेतात. किसन अहिर आपल्यातले, ते समजतं. पण पंजाबातला जवान इथं येऊन का मेला? दुसरं म्हणजे आमच्या कट्ट्यावर एक जण कायम म्हणतो की बाहेरचे येऊनच लोकांना भडकवतात, नाहीतर इथली माणसं शांतच असतात. त्याला काय सांगू?
— कॉलेजात शिकणारा एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर: मित्रा, आधी त्या कट्ट्यावरच्या दादांचं बघू, कारण त्यांचं म्हणणं नुसत्या तारखा लावून बघितल्या तरी टिकत नाही. 1942 च्या ऑगस्टमध्ये गांधीजींना अटक झाली आणि आपल्या जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजचा सांगलीचा मोठा भाग धरून, तालुक्याच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघायला लागले. 3 सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर तिरंगा लागला. 9 सप्टेंबरला वडूजला गोळीबार झाला, त्यात परशुराम घार्गे धरून नऊ माणसं गेली, आणि लगेच दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला गोळीबार झाला, तिथं विष्णू बारपटे आणि किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले इंजिनिअर उमाशंकर पंड्या गेले. मग भूमिगतांचे गट तयार झाले, 7 जून 1943 ला शेणोलीजवळ रेल्वे लुटली, 1944 च्या एप्रिलमध्ये धुळ्याकडं जाऊन सरकारी खजिना लुटला, इंग्रजांना न जुमानता प्रतिसरकार, म्हणजे लोकांचं स्वतःचं सरकार, चालू झालं, गावोगाव न्यायदान मंडळं बसली, तुफान सेना नावाचं त्याचं दल उभं राहिलं, क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नावानं अख्खा जिल्हा हलला. एवढं सगळं होऊन गेल्यावर नानकसिंग आपल्याकडं आले. मग कुणी कुणाला भडकवलं? आग इथली होती, लाकडं इथली होती आणि फुंकणारी माणसंपण इथलीच होती.

आता ते आले कसे. दुसरं महायुद्ध संपलं, आझाद हिंद सेनेचे जवान इंग्रजांच्या कैदेत पडले, 1945 च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात त्यांच्या अधिकाऱ्यांवर खटला सुरू झाला आणि सगळा देश पेटला. लढाईचं शिक्षण असलेली, इंग्रजांची चाकरी झुगारलेली अशी कितीतरी माणसं तेव्हा होती. इकडं वाळव्याचे भूमिगत पुढारी नागनाथअण्णा नायकवडी यांच्या गटाकडं धाडस भरपूर, हत्यारंही थोडीफार मिळवलेली, पण ती नीट चालवायची कशी, माघार कशी घ्यायची, आडोसा कसा धरायचा हे पोरांना शिकवणारं कुणी पाहिजे होतं. म्हणून अण्णांनी आझाद हिंद सेनेतल्या जवानांना शोधून आपल्याकडं आणलं. नानकसिंग त्यातलेच. आणि 25 फेब्रुवारी 1946 ला शिराळा तालुक्यात मणदूरला पोलिसांबरोबर जी चकमक झाली तिच्यात किसन अहिर आणि नानकसिंग दोघंही पडले.

मला या सगळ्यात सगळ्यात मोठं काय वाटतं सांगू? नानकसिंगांना बोलावणं गेलं होतं, ते आपलं आपण उठून पुढारीपण करायला आले नव्हते. लढा कुणाचा, कधी लढायचा, कुणाशी लढायचा हे इथल्या माणसांनी ठरवलं होतं, आणि या माणसानं आपल्याजवळचं जे कसब होतं ते त्यांच्या हवाली केलं, त्यांच्या शिस्तीत राहिला, त्यांच्याबरोबर डोंगरात झोपला. त्याला इथली भाषा येत नव्हती, इथं त्याची जमीन नव्हती की भाऊबंद नव्हते, एखाद्या रात्री उठून निघून गेला असता तर कुणी त्याला नावं ठेवली नसती. तरी तो राहिला. वाळव्याच्या साखर कारखान्याला किसन अहिरांचं नाव आहे ते तुला माहीतच असेल, पण नानकसिंगांचं नाव आपल्या तालुक्याबाहेरच्या पोरांना विचारून बघ, बहुतेकांना ठाऊक नसतं, आणि ही गोष्ट मला खरंच लागते. तू लिहितावाचता आहेस, तर गावातल्या ज्या म्हाताऱ्या माणसांनी त्या काळाबद्दल घरात ऐकलंय त्यांचं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेव, आत्ताच ठेव.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक आहे. राज्यकर्त्यांच्याच जातकुळीतला माणूस, म्हणजे आपल्या बाबतीत गोरा, दबलेल्यांच्या बाजूनं उभा राहिला असं खरंच कधी झालं का? की शेवटी सगळे आपापल्या रक्ताकडंच जातात?
— एक वाचक, कराड

उत्तर: झालंय सर, आणि आपल्या अगदी जवळ झालंय. मुंबईच्या गिरणगावात तेव्हा सातारा-सांगलीकडची किती माणसं होती हे मी तुम्हाला सांगायला नको, एकेका खोलीत आख्खं गाव राहायचं. 1928 साली त्या गिरणी कामगारांनी सहा महिने संप केला. त्या काळात फिलिप स्प्रॅट आणि बेन ब्रॅडली हे दोन इंग्रज इथल्या कामगार संघटनांत काम करत होते. दोघंही इंग्लंडातून आलेले, आणि राज्य त्यांच्याच देशाचं. 20 मार्च 1929 ला सरकारनं देशभर धरपकड केली, मेरठला कटाचा खटला चालवला, त्यात भारतीय पुढाऱ्यांबरोबर हे दोघं आणि लेस्टर हचिन्सन असे तीन इंग्रज आरोपी होते. खटला चार वर्षं रखडला. 1933 च्या जानेवारीत निकाल लागला तेव्हा स्प्रॅटला 12 वर्षं आणि ब्रॅडलीला 10 वर्षं सजा झाली, पुढं अपिलात सगळ्यांच्याच सजा कमी झाल्या हे खरं, पण निकाल ऐकताना ते त्यांना कुठं माहीत होतं. सरकारची कायम बोंब असायची की गोऱ्यांविरुद्ध काळे चिडलेत एवढंच, आणि इथं गोराच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा. मालक आणि मजूर हे भांडण कातडीच्या रंगापेक्षा खोल आहे हे त्या पिंजऱ्याकडं बघून अडाणी माणसालाही कळत होतं.

याहून जुनी एक गोष्ट सांगतो, ती मला फार आवडते. कॅरिबियन समुद्रातलं हैती, तेव्हाचं सेंट डोमिंग, तिथं आफ्रिकेतनं धरून आणलेल्या गुलामांनी फ्रेंच मळेवाल्यांविरुद्ध उठाव केला. तो मोडायला नेपोलियननं 1802 साली सैन्य पाठवलं, त्यात काही हजार पोलिश सैनिक होते. या पोलंडवाल्यांचा स्वतःचा देश रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियानं वाटून खाल्लेला, नेपोलियन आपला देश परत मिळवून देईल या आशेनं ते त्याच्याकडं भरती झालेले. आणि तिथं जाऊन बघतात तर काय, आपण ज्यांना मारायला आलोय ते आपल्यासारखेच स्वातंत्र्यासाठी लढतायत. बरेचसे पिवळ्या तापानं मेले, पण काही जण बाजू बदलून सरळ बंडवाल्यांकडं गेले. लढा जिंकल्यावर बंडवाल्यांचा पुढारी डेसालीन यानं 1805 ची राज्यघटना केली, तिच्यात गोऱ्या माणसाला हैतीत जमीनजुमला घेता येणार नाही असं कलम घातलं, आणि त्या कलमातनं या पोलिश लोकांना मुद्दाम वगळलं, त्यांना तिथले नागरिक मानलं. ज्या लोकांनी गोऱ्यांच्या हातनं एवढं सोसलं त्यांनी राज्यघटना लिहिताना या थोड्या माणसांची आठवण ठेवली. सर, रक्ताचं म्हणताय ना, त्याला याहून चांगलं उत्तर माझ्याकडं नाही.

पोलंडवरनं आठवलं, आपल्या साताऱ्याकडच्या औंधातही एक पोलिश माणूस होता. मॉरिस फ्रीडमन, वॉर्सात जन्मलेले ज्यू इंजिनिअर, पुढं भारतानंद या नावानं ओळखले गेले. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1938-39 मध्ये आपल्या 72 गावांच्या संस्थानाचा कारभार लोकांच्या हातात दिला, गांधीजींच्या सल्ल्यानं घटना केली, त्या कामात राजांचे चिरंजीव आप्पासाहेब पंत यांच्याबरोबर फ्रीडमन होते. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत निघाली त्यामागंही त्यांचा विचार होता. हे बंड नव्हे, राजानंच आपल्या हातानं सत्ता सोडली. पण त्याचा बंडाला उपयोग झाला, कारण कुंडल हे औंध संस्थानातलं गाव, तिथं इंग्रज पोलिसांना मनात येईल तेव्हा घुसता येत नव्हतं, आणि प्रतिसरकारचं किती मोठं काम कुंडलातनं चाललं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे.

प्रश्न: इंग्रज कवी बायरन ग्रीकांच्या स्वातंत्र्यासाठी लढताना रणांगणावर मेला असं एका मेसेजमध्ये वाचलं. खरं का?
— एक वाचक, खटाव तालुका

उत्तर: अर्धंच खरं. तुर्कांविरुद्धच्या ग्रीकांच्या उठावात सामील व्हायला ते तिकडं गेले हे बरोबर, ग्रीक आरमारासाठी स्वतःचे 4000 पौंड दिले हेही बरोबर. पण 19 एप्रिल 1824 ला मिसोलोंगीत ते तापानं गेले, वय 36. लढाईत त्यांचा प्रत्यक्ष भाग झालाच नाही. त्यांच्या मरणाची बातमी मात्र युरोपभर गेली आणि ग्रीकांच्या मागं लोकमत उभं राहायला तिचा फार उपयोग झाला.

प्रश्न: माझा मुलगा इंजिनिअर आहे, पुण्यात चांगली नोकरी आहे. आता म्हणतो की नोकरी सोडून आदिवासींच्या जमिनीच्या आंदोलनात जाऊन राहणार. मला त्याचं कौतुकही वाटतं आणि रात्री झोपही लागत नाही. दुसऱ्यांच्या भांडणात आपण पडावं का? त्याला अडवू का?
— एक आई, विटा

उत्तर: ताई, अडवू नका असं मी मनापासून सांगतो, पण त्याला दोन-चार प्रश्न मात्र बसवून विचारा आणि उत्तरं मिळाल्याशिवाय उठू देऊ नका. पहिला, तुला तिथनं कुणी बोलावलंय का? दुसरा, तिथं गेल्यावर तू कुणाचं ऐकणार? तिसरा, तू आजारी पडलास किंवा पोलिसांनी तुला जिल्ह्याबाहेर काढलं तर तिथलं काम थांबेल का? थांबणार असेल तर काहीतरी चुकतंय.

हे विचारायला सांगतो ते का, तर गोदावरी परुळेकरांचं उदाहरण बघा. पुण्यात सुखवस्तू घरात जन्मलेल्या, वकिलीचं शिक्षण घेतलेल्या बाई, 1945 साली ठाणे जिल्ह्यात डहाणू-उंबरगावच्या वारल्यांमध्ये गेल्या. तिथं जमीनदारांनी काय चालवलं होतं, तर लग्नासाठी थोडं कर्ज घेतलं की नवरा-बायको दोघंही आयुष्यभर त्या मालकाचे गुलाम, त्यांना लग्नगडी म्हणायचे, शिवाय बाकीच्यांना फुकट वेठ. 23 मे 1945 ला झरी गावात परिषद झाली, पाचेक हजार वारली जमले आणि यापुढं वेठ करणार नाही असं ठरवून उठले. गोदूताई त्यांच्याच झोपड्यांत राहिल्या, त्यांच्याच ताटातलं खाल्लं. आणि तरी बघा, बाहेरच्या माणसावर लोकांचा जीव जडला की त्याचाही घात करता येतो. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जमीनदारांनी अफवा उठवली की गोदूताईंच्या जिवाला धोका आहे, त्यांना वाचवायला हजारो वारली तलवाड्याला जमले आणि 10 ऑक्टोबरला त्यांच्यावर गोळीबार झाला, जेठ्या गांगड धरून पाच जण गेले. नंतर सरकारनं परुळेकर पती-पत्नीला जिल्ह्याबाहेर काढलं. जमीनदारांना वाटलं, संपलं आता. पण वारल्यांनी लढा सोडला नाही, पुढच्या साली जंगलतोडीच्या मजुरीसाठी संप केला. दोघं जिल्ह्यात नसताना काम चालू राहिलं, म्हणून मी म्हणतो त्यांनी खरं काम केलं होतं.

उलटं उदाहरणही त्याला सांगा, कारण त्याच्या खोलीत चे गव्हेराचा फोटो असेल तर मला नवल वाटणार नाही. चे मूळचा अर्जेंटिनाचा डॉक्टर. क्युबाच्या लढ्यात गेला तेव्हा 82 माणसांच्या तुकडीत डॉक्टर म्हणून गेला, फिडेल कॅस्ट्रोच्या हुकमाखाली, आणि लढा क्युबन लोकांचा होता, म्हणून तो जिंकला. 1966 मध्ये तोच माणूस बोलिव्हियात गेला, तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या मारिओ मोंहेशी त्याचं वाजलं ते नेमकं यावरच की हुकूम कुणाचा चालणार, आणि चे म्हणाला माझा. तिथल्या शेतकऱ्यांना 1953 पासून जमिनी मिळाल्या होत्या, त्यांना हे बंड आपलं वाटलंच नाही. त्याची माणसं केचुआ भाषा शिकत बसली आणि त्या जंगलपट्ट्यातली माणसं बोलत होती ग्वारानी. 8 ऑक्टोबर 1967 ला त्याला पकडलं आणि दुसऱ्या दिवशी मारलं. त्याच्या धैर्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही, मला त्याच्याबद्दल वाईट वाटतं, पण नुसत्या धैर्यानं परक्या मुलखात काही उभं राहत नाही हे तुमच्या मुलाला कळलेलं बरं.

राहिला तुमचा मुख्य प्रश्न, दुसऱ्यांच्या भांडणात पडावं का. ताई, आपल्या इथलीच माणसं पडली होती की. 1947 ला देश स्वतंत्र झाला, आपल्याकडच्या भूमिगतांना घरी बसून सत्कार घेता आले असते, पण शेजारी मराठवाड्यात निजामाचं राज्य तसंच होतं आणि रझाकार गावं जाळत होते, तेव्हा नागनाथअण्णा आणि त्यांच्या साथीदारांनी तिकडच्या लढ्याला हत्यारांची आणि शिक्षणाची मदत केली, 17 सप्टेंबर 1948 ला हैदराबाद मोकळं होईपर्यंत तो लढा चालला. मणदूरला नानकसिंग आपल्यासाठी पडून दोन वर्षंसुद्धा झाली नव्हती, आणि आता दुसऱ्यांसाठी बाहेरचे म्हणून जायची पाळी आपली होती. त्या पोरांच्या आयांनाही झोप लागली नसणार.

म्हणून मुलाला एकदम नोकरी सोडू देऊ नका एवढंच. आधी दोन-तीन महिन्यांची रजा काढून जाऊ दे, तिथली बोली शिकू दे, तिथल्या बायका सकाळी कुठनं पाणी आणतात, सातबाऱ्यावर कुणाचं नाव आहे, वनहक्काचा दावा कुठल्या कचेरीत अडकलाय हे बघू दे. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली दावे करायला नकाशे लागतात, जीपीएसनं मोजणी केली तर दाव्याला बळ येतं, कागद नीट लावावे लागतात, आणि यात इंजिनिअर पोराचा फार मोठा उपयोग आहे, तो सभेत भाषण करण्यापेक्षा कितीतरी जास्त. तिथल्या ग्रामसभेनं म्हटलं की हा राहू दे, तर मग राजीनामा. आणि तुम्ही स्वतः एकदा त्याच्याबरोबर तिकडं जाऊन या, त्या माणसांच्या घरी जेवून या, ज्या बायकांच्या भरवशावर तुमचा मुलगा तिथं राहणार आहे त्यांच्याशी बोला, त्याच्याबद्दल जे विचारायचंय ते थेट त्यांनाच विचारा.