‘तहकूब सभा’ होईल कशी?

सिंधुदुर्गातल्या एका लहान शहरातून आलेला प्रश्न असा: “आमच्या नगरपरिषदेच्या फलकावर सूचना लागली आहे, ‘दिनांक १४ रोजीची तहकुब सर्वसाधारण सभा दिनांक २१ रोजी सकाळी ११ वाजता होईल.’ तहकूब म्हणजे थांबवलेली. जी थांबवली आहे ती होईल कशी? ‘तहकूब झालेली सभा पुन्हा घेण्यात येईल’ असे लिहायला नको का? शिवाय दुसऱ्या दिवशीच्या बातमीत ‘मुख्याधिकाऱ्यांनी सभा तहकूब केली’ असे छापून आले, ते बरोबर आहे का?”

फलकावरचे वाक्य बरोबर आहे, बातमीतले चुकीचे आहे. पण दोन्हींची कारणे निरनिराळी आहेत. पहिल्या वाक्याचा प्रश्न व्याकरणाचा आहे, तर दुसऱ्याचा कोणाचे काम काय याचा.

‘तहकूब’ हे विशेषण अरबी-फारसी वाटेने मराठी दप्तरात आले आणि मंजूर, नामंजूर, मुलतवी, दाखल, रुजू, कायम, बहाल, जप्त, रद्द, बरखास्त या शब्दांच्या पंगतीत बसले. या सगळ्या शब्दांची चाल सारखीच आहे. त्यांना लिंगवचन लागत नाही, ते ‘करणे’ किंवा ‘होणे’ यांच्याशी जोडले जातात, आणि नामाच्या आधी आले की ‘झालेला’ हा अर्थ मनातच धरून चालतात. आपण ‘मंजूर ठराव’ म्हणतो, ‘मंजूर झालेला ठराव’ म्हणण्याची गरज भासत नाही. जप्त माल, दाखल गुन्हा, रद्द धनादेश यांचेही तसेच. त्यामुळे ‘तहकूब सभा’ म्हणजे तहकूब झालेली सभा हे उघड आहे, आणि ‘झालेली’ घातले तर चूक होत नाही, केवळ शब्द वाढतो.

खरी अडचण ‘होईल’ या क्रियापदाची आहे. रद्द गाडी सुटत नाही, मग तहकूब सभा होते कशी? येथे ‘तहकूब’चा अर्थ नेमका धरला पाहिजे. लढाई तहकूब होते तेव्हा ती संपलेली नसते, म्हणून तर ‘युद्धतहकुबी’ आणि ‘तह’ हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे आहेत. विधानसभेचे कामकाज पंधरा मिनिटांसाठी तहकूब होते आणि पंधरा मिनिटांनी तेच कामकाज पुढे सुरू होते. तहकूब होण्यात सुरू झालेले काम मध्ये थांबणे आहे आणि ते पुढे चालू होण्याची अपेक्षाही आहे. यांपैकी एक जरी भाग गळला तरी शब्द बदलावा लागतो.

मध्यंतरी, भर जुलै महिन्यात, कोकणातल्या एका नगरपरिषदेची सर्वसाधारण सभा पाहण्याचा योग आला. सभागृह वरच्या मजल्यावर होते, व्हरांड्यात निथळत्या छत्र्या ओळीने उघडून ठेवलेल्या होत्या, आणि आत निम्म्याहून अधिक खुर्च्या रिकाम्या होत्या. नगराध्यक्ष वेळेवर येऊन आसनावर बसले. सभा लिपिकाने हजेरीपुस्तक पुढे सरकवले, सह्या मोजल्या आणि मान हलवली, कोरम, म्हणजे सभेला लागणारी किमान उपस्थिती किंवा गणपूर्ती, नव्हता. खिडकीतून खाली पाहिले तर समोरच्या टपरीवर काही सदस्य निवांत चहा घेत उभे होते, म्हणजे न येणे हाच त्यांचा निर्णय होता. थोडा वेळ वाट पाहून नगराध्यक्षांनी गणपूर्तीअभावी सभा तहकूब करत असल्याचे सांगितले आणि पुढची तारीख जाहीर केली. जिन्यावरून उतरताना मी शिपायाला सहज म्हटले, सभा मोडली म्हणायची. त्याने लगेच दुरुस्त केले, “मोडूक नाय. थांबली हा.” एखाद्या कोशाने चार ओळींत सांगितले असते ते त्याने चार शब्दांत सांगितले.

तेव्हा ‘मोडणे’ आणि ‘थांबणे’ यांतला हा फरक फलकावरच्या वाक्यात उतरला आहे. दिनांक २१ ला होणारी सभा ही नवी सभा नाही, १४ तारखेचीच सभा २१ ला पुढे चालणार आहे. म्हणून तिच्या नावातच पहिली तारीख येते. ‘तहकूब’ हा शब्द येथे तिची अवस्था सांगतो, त्याहून जास्त तिचे कूळ सांगतो. त्याचे व्यावहारिक परिणामही मोठे आहेत. महाराष्ट्रातील नगरपरिषदांचा कारभार १९६५ च्या अधिनियमाने चालतो. त्यातील तरतुदीप्रमाणे गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभेचे काम पुढच्या तारखेला गणपूर्ती असो वा नसो उरकता येते, आणि त्या दिवशी मूळ विषयपत्रिकेवरचेच विषय घेता येतात, नवा विषय आणता येत नाही. सूचनेतून ‘तहकूब’ हा शब्द काढून नुसते ‘सर्वसाधारण सभा’ लिहिले तर ती स्वतंत्र सभा ठरेल, तिला नव्याने गणपूर्ती लागेल आणि टपरीवरचा चहा पुन्हा तितकाच परिणामकारक ठरेल.

ग्रामसभा आणि सहकारी संस्था यांच्या सूचनांतही हाच शब्द याच कामाला येतो. ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी कमी असेल तेवढी उपस्थिती लागते, ती न भरल्यास ‘तहकूब ग्रामसभा’ पुढे घेतात आणि तिला गणपूर्तीची अट नसते. सहकारी संस्थेच्या वार्षिक सभेच्या पत्रकाखाली तर ठरलेले वाक्यच असते, की गणसंख्येअभावी सभा तहकूब झाल्यास तीच सभा अर्ध्या तासाने त्याच ठिकाणी घेण्यात येईल व तिला गणसंख्येचे बंधन राहणार नाही. या वाक्यातला ‘तीच’ हा शब्द प्रश्नकर्त्याने पुन्हा एकदा वाचावा.

मध्येच तहकूब झालेल्या सभेत हे आणखी स्पष्ट दिसते. प्रत्येक सभेच्या विषयपत्रिकेवर पहिला विषय असतो ‘मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे’. (हे ‘कायम करणे’ नोकरीत कायम करण्यातले नव्हे, नोंद खरी आहे असे सभेने मान्य करणे एवढाच त्याचा अर्थ, पण दप्तराबाहेर हा अर्थ आता फारसा उरलेला नाही.) पहिले सहा विषय उरकून सातव्यावर सभा तहकूब झाली असेल, तर पुढच्या तारखेला इतिवृत्ताचे वाचन पुन्हा होत नाही, कामाला सातव्या विषयापासून सुरुवात होते.

आता शेजारचे शब्द पाहू, कारण बहुतेक घोटाळा त्यांच्यामुळे होतो. सभा भरण्यापूर्वीच तिची तारीख पुढे ढकलली, अतिवृष्टीचा इशारा आला किंवा गावात कोणाचे निधन झाले म्हणून, तर ती सभा ‘मुलतवी’ झाली. ती भरलीच नाही, म्हणून तिला तहकूब म्हणता येत नाही. याउलट वरच्या प्रसंगात कामकाज काहीही झाले नसले तरी नगराध्यक्ष आसनस्थ झाले होते आणि हजेरी मोजली गेली होती, म्हणून ती सभा तहकूबच. ‘रद्द’ म्हणजे पुढे कधीही होणार नाही. ‘बरखास्त’ या शब्दाची मात्र गंमत आहे. जुन्या वृत्तांतांत आभारप्रदर्शनानंतर ‘सभा बरखास्त झाली’ असे सर्रास येते, आणि त्याचा अर्थ सभा संपून लोक उठले एवढाच असतो. पण ‘नगरपरिषद बरखास्त झाली’ म्हटले की शासनाने ती विसर्जित केली असा भलताच गंभीर अर्थ होतो. आज सभेसाठी ‘बरखास्त’ न वापरणे बरे, ‘समाप्त झाली’ किंवा साधे ‘संपली’ पुरते.

राहिला ‘स्थगित’. शुद्ध मराठीचा आग्रह धरणारे तहकूबच्या जागी हा शब्द सुचवतात. सावरकर १९२४ ते १९३७ या काळात रत्नागिरीत स्थानबद्ध होते आणि त्यांची भाषाशुद्धीची चळवळ याच किनाऱ्यावर वाढली. त्यांनी घडवलेला ‘महापौर’ हा शब्द आता कोणाला घडवलेला वाटतही नाही, म्हणजे असा बदल मराठीला मानवत नाही असे नाही. पण ‘स्थगित’च्या बाबतीत माझा विरोध आहे, आणि तो अरबी-फारसीच्या प्रेमापोटी नाही. ‘स्थगिती’ला आता स्वतंत्र काम मिळाले आहे. न्यायालय एखाद्या आदेशाला स्थगिती देते, नगरपरिषदेच्या ठरावाच्या अंमलबजावणीला जिल्हाधिकाऱ्यांकडून स्थगिती मिळू शकते. म्हणजे वरच्या किंवा बाहेरच्या अधिकाऱ्याने दुसऱ्याचे काम रोखणे याला आपण स्थगिती म्हणतो. तहकुबी आतून होते, सभा स्वतःच स्वतःला थांबवते. ‘न्यायालयाने कामकाज तहकूब केले’ आणि ‘न्यायालयाने कामाला स्थगिती दिली’ ही वाक्ये एकाच दिवशी एकाच न्यायालयाबद्दल खरी असू शकतात, आणि वाचकाला दोन्हींचा अर्थ निराळा लागतो. हा फरक भाषेने आपोआप कमावला आहे, तो पुसून टाकण्यात लाभ नाही. विधिमंडळात ‘स्थगन प्रस्ताव’ हा शब्दप्रयोग रूढ आहे हे खरे, पण तेथेही अध्यक्ष सभागृह ‘तहकूब’च करतात, आणि अधिवेशन संपल्यावर होते ते ‘संस्थगित’.

आता बातमीतल्या वाक्याकडे वळू. सभा आतून थांबते म्हटले की कोण थांबवू शकतो हे ओघाने येते. सभेच्या अध्यक्षस्थानी नगराध्यक्ष असतात, ते नसतील तर उपनगराध्यक्ष, दोघेही नसतील तर उपस्थित सदस्यांनी निवडलेला सदस्य. जो बसेल तो त्या वेळेपुरता ‘पीठासीन अधिकारी’. माझा कयास असा, की बातमीदाराचा गोंधळ या ‘अधिकारी’ शब्दाने केला असावा. इतिवृत्तात ‘पीठासीन अधिकाऱ्यांनी सभा तहकूब केली’ असे असेल, आणि नगरपरिषदेत अधिकारी म्हणजे मुख्याधिकारी ही समजूत इतकी पक्की आहे की त्याने तसे लिहून टाकले. वास्तविक येथे ‘अधिकारी’ म्हणजे अधिकार असलेला, नोकरीतला हुद्देदार नव्हे. आसनावर बसण्याचा अधिकार ज्याला आहे तो पीठासीन अधिकारी.

मुख्याधिकारी शासनाने नेमलेले असतात, लोकांनी निवडलेले नसतात. ते प्रशासनाचे प्रमुख असतात, सभेत हजर राहतात, माहिती देतात, पण त्यांना मत नसते आणि प्रस्ताव मांडता येत नाही. सभेच्या सूचनेखाली त्यांची सही दिसली तरी तेवढ्याने सभा त्यांची होत नाही. गणपूर्ती नसेल तर पीठासीन अधिकारी सभा तहकूब करतात, आणि एरवी उपस्थित सदस्यांच्या बहुमताच्या संमतीने ती तहकूब होते. मते समसमान पडली तर पीठासीन अधिकाऱ्याला निर्णायक मत असते. या कशातही मुख्याधिकाऱ्यांना जागा नाही. म्हणून वाक्य ‘नगराध्यक्षांनी सभा तहकूब केली’ असे हवे, किंवा सदस्यांच्या संमतीने झाले असेल तर अधिक नेमके ‘सभा तहकूब करण्यात आली’.

येथे एक अपवाद नोंदवायला हवा, कारण त्याने गेल्या काही वर्षांत कानाला चुकीची सवय लावली आहे. २०२१-२२ च्या सुमारास राज्यातल्या अनेक नगरपरिषदांच्या मुदती संपल्या आणि डिसेंबर २०२५ मधील निवडणुकांपर्यंत तेथे प्रशासक होते. पुष्कळ ठिकाणी मुख्याधिकारीच प्रशासक. परिषदेचे अधिकार त्यांच्याकडे, अंमलबजावणीही त्यांच्याकडेच, त्यामुळे ‘मुख्याधिकाऱ्यांनी ठराव केला’ अशी वाक्ये वाचून वाचून सवयीची झाली. त्या काळातली ती वाक्ये चूक नव्हती, फक्त त्यांत ‘प्रशासक’ हा शब्द हवा होता. एकट्या माणसाची सभा गणपूर्तीअभावी तहकूब कशी होईल हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही, तो मलाही आत्ताच सुचला. आता पुन्हा सदस्य आणि थेट निवडून आलेले नगराध्यक्ष आले आहेत, तेव्हा कर्ताही पुन्हा तपासून लिहावा लागेल. विषय समित्यांच्या बैठकीचे वृत्त देताना मात्र ‘सभापतींनी’ असे लिहावे, कारण पाणीपुरवठा किंवा बांधकाम समितीच्या अध्यक्षस्थानी सभापती असतात.

शेवटी शुद्धलेखन. फलकावर ‘तहकुब’ असे ऱ्हस्व लिहिले आहे. मराठीच्या नियमाप्रमाणे तत्सम नसलेल्या (संस्कृतातून जशाच्या तशा न आलेल्या) अकारान्त शब्दाचे उपान्त्य, म्हणजे शेवटून दुसरे, इकार-उकार दीर्घ असतात, म्हणून ‘तहकूब’ असे दीर्घ लिहावे. विशेषण असल्याने पुढे काहीही आले तरी ते दीर्घच राहते, तहकूब सभेत, तहकूब सभेचे. ‘तहकुबी’ या नामात मात्र शेवटचे अक्षर दीर्घ असल्याने कु ऱ्हस्व होतो. फलकावर एवढी एकच दुरुस्ती करावी आणि बाकीचे वाक्य आहे तसे ठेवावे.