दर महिन्याला वॉशिंग सेंटरमध्ये फुकट मशीन पॉलिश मारून घेतलं तर गाडीचा पेंट खराब होतो का?

होतो. फुकट असेल तर जरा जास्तच होतो.

तुम्ही लिहिलंय की गोव्यात पर्वरीला राहता, गाडी काळी, दोन वर्षांची, आणि वॉशिंगवाला वर्षाच्या पॅकेजमध्ये दर महिन्याला एक मशीन पॉलिश फुकट देतोय, तर घ्यावं का. काळी गाडी घेतलीत ती घेतलीत, त्यावर मी काही बोलत नाही. पण पॅकेजवर बोलणार, कारण याच विषयावरून आमच्या सासुरवाडीत दर चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, पातोळ्या खाता खाता भांडण होतं आणि बायको म्हणते आता पुरे, म्हणून इथे लिहितोय.

आधी तुमच्या कामाचं. पॉलिश म्हणजे गाडीला काहीतरी चांगलं लावतात असा सगळ्यांचा समज. वॅक्स लावतात, बरोबर, पण मशीनवर पॅड चढवून जे पांढरं क्रीम फिरवतात त्यात बारीक कच असते आणि ती पेंट घासून काढते. घासल्यावर ओरखड्याच्या कडा सपाट होतात, उजेड सरळ परत येतो, म्हणून चमक दिसते. कंपनीतून आलेला पेंट प्रायमरपासून वरपर्यंत सगळा धरून साधारण 100 ते 130 मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) असतो, काही गाड्यांना त्याहूनही कमी. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, 35 ते 50. हलकं पॉलिश एक-दोन मायक्रॉन नेतं, जाड कचेचं कंपाउंड मारलं तर त्याहून जास्त. महिन्याला एकच मायक्रॉन धरा, वर्षाला 12 झाले. किती वर्षं गाडी ठेवणार ते तुम्हीच बघा. चंदनाचं खोड रोज उगाळलं तर वास येतोच, पण खोडही झिजतं.

आणि क्लिअर कोट फक्त शोभेला नसतो. उन्हातले अल्ट्राव्हायोलेट किरण अडवायचं औषध त्यातच घातलेलं असतं. तो पातळ झाला की खालच्या रंगाला वाली नाही, आणि आपल्याकडचं एप्रिल-मेचं ऊन तुम्हाला सांगायला नको.

आता खरी गोष्ट. सासरे डिचोलीचे, खाणींच्या भागातले. त्यांनी लाल हॅचबॅक घेतली, चकचकीत लाल, आणि माझ्या मेव्हण्याने गाडी घरी आल्याच्या महिन्यातच एका वॉशिंग सेंटरचं असलंच पॅकेज काढून दिलं. नाव सांगत नाही, त्याचा मालक मेव्हण्याच्या ओळखीचा. मी तेव्हाच म्हटलं होतं की नवीन गाडीला पॉलिश कशाला, तिला अजून झालंय काय. तर मला उत्तर, "भावोजी, तुम्ही फोंड्याचे, तुम्हाला डिचोलीची धूळ माहीत नाही." फोंड्याच्या माणसाला खाणीची धूळ माहीत नाही! उसगाव-तिस्कच्या रस्त्याने कॉलेजला गेलोय मी, पांढरा शर्ट घालायची सोय नव्हती.

तर 2019 च्या चवथीच्या आधी सासऱ्यांनी मला मेव्हण्याबरोबर गाडी धुवायला पाठवलं. अशा वेळी सेंटरला लाइन असते, सगळ्यांनाच गाडी माटोळीचं (गणपतीच्या वर टांगतात ती फळं-भाज्या) सामान आणायच्या आधी चकाचक पाहिजे असते. फोम मारला, प्रेशरने धुतलं, पुसलं, मग एक पोरगा ते बफिंगचं गोल मशीन घेऊन आला, लोकरीचा पॅड लावलेलं. फिरवता फिरवता वायर अडकली आणि मशीन खाली पडलं, पॅड जमिनीवर. त्याने उचललं, पॅड मांडीवर दोनदा आपटला आणि पुन्हा बॉनेटवर चालू. खालची जमीन म्हणजे काय, सगळ्या गाड्यांची धुतलेली रेती. हे मी डोळ्यांनी बघितलंय, कोणी सांगितलेलं नाही.

मग त्याने पॅड बदलायला म्हणून मशीन उलटं केलं आणि पॅड लाल. नुसता लालसर नाही, गाडीच्या रंगाचा लाल. मी म्हटलं थांब रे, रंग निघतोय. पोरगा म्हणाला, "मळ निघतोय, पात्राव," म्हणजे शेठ. मेव्हणा म्हणाला खाणीची माती. मी खिशातला रुमाल काढून पॅडवर घासला आणि मेव्हण्यासमोर धरला. खाणीची माती तपकिरी असते, विटकरीकडे झुकणारी, बोटाला खरखरीत लागते. हा रुमालावरचा डाग कुंकवासारखा, आणि बोटाला गुळगुळीत. शिवाय गाडी अर्ध्या तासापूर्वी धुतलेली, जूनपासून धो धो पाऊस, खाणी 2018 ला सुप्रीम कोर्टाच्या निकालाने बंद पडलेल्या, धूळ येणार कुठून? तर मेव्हणा म्हणतो, "डंप उचलतात की अजून," म्हणजे खाणीबाहेर साठवलेले मातीचे ढीग. पावसात कोण डंप उचलतो, ट्रक उभे असतात सगळे. मग म्हणाला, "धूळ नाय तर चिखल." आता यापुढे काय बोलणार.

हे जरा समजून घ्या, तुमच्याही उपयोगाचं आहे. क्लिअर कोट बिनरंगी असतो. त्यामुळे क्लिअर कोटवाल्या गाडीला पॉलिश मारताना पॅडवर पांढरट लगदा यायला पाहिजे, गाडीचा रंग नाही. रंग आला म्हणजे त्या जागी वरचा थर संपला आणि मशीन खालच्या रंगाच्या थराला, बेस कोटला, लागलं. काही साध्या रंगांच्या गाड्यांना, जुन्या पांढऱ्या-लाल वगैरे, क्लिअर कोट नसतोच, तिथे पॅडला रंग येणारच. हे मेव्हण्याने नंतर यूट्यूबवर बघितलं आणि पुढच्या चवथीला मला ऐकवलं, की बघा भावोजी, आपली गाडी तसली असणार. ठीक. पण दोन-अडीच वर्षांनी त्याच गाडीच्या बॉनेटवर आणि छपरावर पांढरट चट्टे उठले आणि कडेने पापुद्रा सुटायला लागला, नखाने ओढला तर पारदर्शक पापुद्रा हातात. क्लिअर कोट नव्हता तर हे काय सुटतंय, सालं? यावर तो गप्प, म्हणजे दहा मिनिटं.

म्हापशात एक जुना पेंटर आहे, त्याच्याकडे नेली. त्याने पेंटची जाडी मोजायचं मीटर लावलं. दाराच्या आतल्या चौकटीवर, जिथे कोणी पॉलिश मारत नाही, शंभराच्या वर. बॉनेटच्या मधोमध सत्तर-बहात्तर, आणि बॉनेटच्या पुढच्या कडेला साठच्याही खाली. कडेला मुळातच पेंट पातळ बसतो आणि मशीन तिथेच जास्त चावतं, शहाणा माणूस कडेला आधी टेप लावतो. पेंटरने आकडा बघितला, माझ्याकडे बघितलं, म्हणाला, "रबिंग कोणी केलं हो एवढं?" मी मेव्हण्याकडे बोट दाखवलं. बॉनेट आणि छप्पर दोन्ही घासून पुन्हा मारावं लागलं, पैसे गेले सासऱ्यांचे, आणि आता उन्हात उभी केली की दरवाज्यांचा लाल वेगळा आणि बॉनेटचा वेगळा दिसतो.

मेव्हण्याचं म्हणणं अजून तेच, की हे उन्हाने झालं. त्याचा हुकमी एक्का म्हणजे दरवाजे: दरवाज्यांनाही पॉलिश मारलेलं, ते का टिकले? तर त्याला दोन कारणं. एक, दरवाज्यावर ऊन तिरपं पडतं, बॉनेट-छपरावर सरळ. दुसरं, पोरं बॉनेटवरच जोर काढतात कारण गिऱ्हाईक उभं राहून तिथेच बघतं, दाराच्या खालच्या भागाला नुसता हात फिरवून सोडून देतात. म्हणजे ऊनही खरं आणि पॉलिशही खरं. पण शेजारच्यांची तशीच लाल गाडी, त्याच सुमाराची, माडाखाली उघड्यावर असते, तिला आयुष्यात पॉलिश लागलेलं नाही, ती फिकी पडलीय पण सोललेली नाही. याचं उत्तर द्यावं त्याने.

मीटर म्हणजे पुरावा नव्हे हे मात्र मान्य करतो. ते सगळ्या थरांची मिळून जाडी दाखवतं, क्लिअर कोट किती उरला ते वेगळं सांगत नाही, आणि प्लास्टिकच्या बंपरवर हे साधं मीटर चालतच नाही. फॅक्टरीतून एखादा पॅनेल पातळच आला असंही होऊ शकतं. बंपरला तर जास्त जपा, प्लास्टिकमधून उष्णता पसरत नाही, मशीन एका जागी जरा थांबलं की पेंट जळतो.

तुमच्या काळ्या गाडीला वेगळा त्रास होणार. बफिंग मशीनचे गोल गोल जाळ्यासारखे ओरखडे काळ्यावर सगळ्यात उठून दिसतात, सेंटरच्या शेडमध्ये दिसत नाहीत, घरी उन्हात आणली की दिसतात. तेही पहिल्या दिवशी नाही, कारण असल्या पॉलिशमध्ये तेल आणि भरणा असतो, तो ओरखड्यात बसून त्यांना झाकतो. दोन पावसात निघून गेला की खालचं सगळं वर. मग तुम्हाला वाटतं पॉलिश उतरलं, पुन्हा मारायला हवं. धंदा कसा चालतो कळलं ना.

टेफ्लॉन कोटिंग म्हणून विकतील, घेऊ नका. तव्यावर टेफ्लॉन बसवायला साडेतीनशे अंशांच्या वर भट्टी लागते, वॉशिंग सेंटरच्या शेडमध्ये पोरगा फडक्याने काय बसवणार. सिरॅमिक ठीक आहे, टिकतं, पण ते लावायच्या आधीही पेंट घासतातच, म्हणून एकदाच आणि चांगल्या हाताकडून.

पॉलिश वाईटच असं मी म्हणत नाही. तीन-चार वर्षांतून एकदा, मीटर लावून, कडांना टेप लावून, फोमचा पॅड आणि हलणारं-फिरणारं ड्युअल ॲक्शन मशीन घेऊन करणारा माणूस मिळाला तर जरूर करा, गाडी नवी दिसते. आंब्याचा चीक, पक्ष्यांची घाण, दसऱ्याला बॉनेटवर काढलेल्या हळदीच्या स्वस्तिकाचा डाग, यासाठी मात्र सगळ्या गाडीवर मशीन फिरवायची गरज नसते, तेवढीच जागा हाताने होते. आणि खरं सांगू, पेंटची अर्धी वाट पॉलिशने नाही, कोरड्या फडक्याने लागते. सकाळी गाडीवर बसलेली लाल धूळ फडक्याने झटकतात बघा लोक, मेव्हणा पण. आपल्या खाणीतलं खनिज हेमॅटाइट, म्हणजे आयर्न ऑक्साइड. सोनार दागिन्याला झिलई द्यायला जे लाल रूज वापरतात तेही आयर्न ऑक्साइडच, पण ते पिठासारखं बारीक, आणि रस्त्यावरची धूळ कशीही. मोरजीच्या किनाऱ्याची वाळू तर त्याहून कडक. आधी पाणी, मग शाम्पू, मग मायक्रोफायबर, चाकाचं फडकं वेगळं. कपड्यांची साबण पावडर नको, वॅक्स असेल तेवढं जातं.

तर पॅकेज घ्या, धुलाई स्वस्त पडत असेल तर का सोडा. पॉलिश तेवढं नको म्हणा आणि त्याच्या बदल्यात खालून अंडरबॉडी वॉश मागा, पावसाळ्यानंतर चाकांच्या कमानीत लाल चिखल घट्ट बसलेला असतो आणि पत्रा तिथूनच गंजतो. देत नसेल तर मालकाशी बोला, पोराशी नाही, त्याला गाड्यांच्या हिशोबाने पैसे मिळतात. मेव्हण्याने आता पांढरी गाडी घेतलीय, त्याच सेंटरचं तेच पॅकेज. पांढऱ्यावर पॅडला रंग आला तरी दिसत नाही म्हणून त्याला बरं पडतं.